शुद्ध गोंगाट

गप्पराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. आईबापांनी चांगलं भारदस्त नाव ठेवलं होतं, पण इमारतीत एकालाही ते आठवलं तर शपथ. ज्या माणसाच्या तोंडून नमस्काराच्या आधी "शूऽऽ!" निघतं, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? जिन्यात दोघी जणी बोलत उभ्या राहिल्या की वरून शूऽऽ. खाली कुणी गाडी लावताना "अजून थोडी मागे, अजून थोडी" म्हणालं की खिडकीतून शूऽऽ. कुत्रं भुंकलं तर मात्र चेहरा खुलायचा, आणि हे लगबगीने माइक घेऊन गॅलरीत हजर. माणूस बोलला की कपाळाला आठ्या आणि कुत्रं बोललं की आनंदीआनंद. असा स्वभाव सहजासहजी मिळत नाही, त्याला नोकरीच तशी लागते.

तशी नोकरी होती. गप्पराव गोंगाट गोळा करायचे. हसू नका, पगारी काम होतं. एक कंपनी होती, ती गोंगाटातून माणसाचं बोलणं शोधून काढणारं मशीन बनवायची. मशीन म्हणजे डोळ्यांना दिसेल असं काही नाही, संगणकातला प्रोग्रॅमच, पण सगळे त्याला मशीनच म्हणायचे. तुम्ही फोनवर बोलताय, मागे बस चाललीय, डोक्यावर पंखा घरघरतोय, तर यातला माणूस कुठला आणि पंखा कुठला हे त्याला कळायला हवं. माणूस ठेवायचा, पंखा फेकून द्यायचा. आता हे त्याला शिकवायचं कसं? लहान मुलाला शिकवतात तसं. हा बघ माणूस, हा बघ गोंगाट. माणसांना एका बंद खोलीत बसवून त्यांचे आवाज वेगळे भरून घ्यायचे आणि गोंगाट बाहेरून वेगळा आणायचा. तो आणायला गप्पराव. अट एकच, त्या गोंगाटात माणसाचा शब्द नको. हं नको की हूं नको. कंपनीत त्याला म्हणायचे शुद्ध गोंगाट. लोक बिचारे शुद्ध पाण्यासाठी वणवण करतात, यांना गोंगाट शुद्ध हवा होता.

त्याआधी त्यांचं आयुष्य छापखान्यात गेलं. छपाईचं मोठं यंत्र असं धडधडायचं की शेजारचा माणूस बोंबलला तरी त्याचे नुसते दात दिसायचे. सगळा कारभार हातवाऱ्यांवर. गप्परावांना हे फार मानवलं. कुणी काही विचारत नाही, आपल्याला उत्तर द्यावं लागत नाही, माणसाला याहून सुख ते काय हवं? त्या सुखापायी कान किती गेले हे त्यांनी कधी तपासून घेतलं नाही. "माझे कान? अजून पंचविशीतले आहेत," असं ते छातीठोकपणे सांगत, आणि त्यावर समोरचा काय म्हणाला ते त्यांना ऐकू जात नसे. पुढे छापखाना बंद पडला, गप्पराव घरी बसले, आणि संसाराची इतकी वर्षं उलटल्यावर त्यांना शोध लागला की आपली बायको बोलते. म्हणजे रोज बोलते. वर मधून मधून उत्तराचीही अपेक्षा ठेवते! महिनाभरात ते टेकीला आले. शेवटी मेहुण्याला दया आली, बहिणीची की यांची देव जाणे, आणि त्याने या कंपनीत शब्द टाकला. साहेबांनी विचारलं, "गोंगाटाचा काही अनुभव?" गप्पराव म्हणाले, "काय?" साहेबांनी पुन्हा विचारलं. "जन्म गेला," गप्पराव म्हणाले, आणि नेमणूक झाली.

काम ऐकायला सोपं वाटतं. करून बघा एकदा. जगात गोंगाट हवा तेवढा पडलाय, पण जिथे गोंगाट तिथे माणूस, आणि माणूस म्हटला की त्याला तोंड. लाकडाच्या वखारीत करवतीचा सुंदर कर्कश आवाज मिळतोय, रेकॉर्डरचा काटा छान हलतोय, तेवढ्यात कामगार वाकून विचारणार, "चालू आहे का हो?" चालू होतं, बाबा, तू विचारेपर्यंत. पाण्याच्या पंपाशी उभं राहावं तर पंपवाला येऊन पंपाची जुनीपानी दुखणी सांगत बसणार. चौकात उभं राहावं तर यच्चयावत वाट चुकलेल्यांना पत्ता विचारायला हाच इसम सापडणार, डोक्याला हेडफोन आणि हातात केसाळ टोपी घातलेला माइक. गप्पराव ओठांवर बोट ठेवायचे, डोळे वटारायचे, हाताने दिशा दाखवायचे. लोकांना वाटायचं, अरेरे, बहिरा दिसतोय, आणि ते आणखी मोठ्याने विचारायचे. मग सगळी मेहनत पाण्यात.

शेवटी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. घर! घरात काय नाही? मिक्सर आहे, वॉशिंग मशीन आहे, कुकर आहे, धुरकट एक्झॉस्ट फॅन आहे, धो धो वाहणारा नळ आहे. आणि माणसं दोनच. त्यातले एक स्वतः गप्पराव, म्हणजे ती काळजी मिटली. मुलगा नोकरीच्या गावी, त्याचा फोन म्हणजे "बरं, ठेवतो" एवढाच. राहता राहिली बायको. तिला हुकूम सुटला, हाताची घडी, तोंडावर बोट.

तोंडावर बोट ठीक, पण हाताची घडी घालून चालणार नव्हतं. मिक्सर चालवायचा कुणी? रिकामा मिक्सर वेगळा वाजतो, भरलेला वेगळा, अर्धा भरलेला आणखी वेगळा, आणि कंपनीला तिन्ही हवेत. तेव्हा माइक स्वयंपाकघरात फळीवर, त्याची वायर दाराखालून बाहेर, आणि बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकून गप्पराव. दार बंद. दारावर लाल दिवा. दिवा लागला की ब्र काढायचा नाही. बायको आत झाकणावर तळवा दाबून तासन्‌तास उभी, घरातलं दळण्याजोगं सगळं दळून झालं की दळलेलंच पुन्हा दळायचं. हे बाहेर पडद्यावर काटा हलतो का ते बघत. ऐकायचे म्हणाल, तर नाही. गोंगाटात ऐकण्यासारखं काय असतं? काम संपलं की खाली खूण करायची, "मानवी बोलणं: नाही", आणि पाठवून द्यायचं. साहेब खूश. एवढा शुद्ध गोंगाट दुसरा कुणीच आणत नव्हता. कायम करून टाकू या तुम्हाला, असंही एकदा म्हणाले, आणि तेव्हापासून गप्परावांना दुसरं काही सुचेना.

त्यांना वाटत होतं, पणाला लागलीय ती नोकरी. पणाला लागली होती बायको, पण ते घरात त्यांच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे म्हणजे बायको एकटीच.

झालं होतं असं. तिची धाकटी बहीण दुसऱ्या गावी एका मोठ्या वसतिगृहाची खाणावळ चालवायची. भागीदारीण सोडून गेली, आणि धाकटीने थोरलीला फोन केला. "ताई, तू ये. पाहुणी म्हणून नाही, कायमची ये. आपण दोघी मिळून चालवू." थोरलीने विचार करते म्हणून सांगितलं. विचार कसला, तिला जावंसं वाटत होतं आणि त्याचंच वाईटही वाटत होतं. नवऱ्याची परवानगी मागायला ती काही नवी नवरी नव्हती. आपण गेलो तर या माणसाला काही फरक पडेल का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. तेवढ्यासाठी त्याला आधी सांगायला हवं, आणि तिथेच सगळं घोडं अडलं होतं.

पहिल्यांदा तिने चहाच्या वेळी विषय काढला. "अहो, धाकटीचा फोन आला होता. ती म्हणतेय..."

"शूऽऽ! पंप लागला!" आणि हे माइक घेऊन जिना उतरले सुद्धा.

दुसऱ्यांदा जेवताना. "अहो, मी काय म्हणते, मी जर धाकटीकडे गेले..."

"जा की. पण परवा जा, उद्या एक्झॉस्टचा आवाज घ्यायचाय."

"चार दिवसांसाठी नाही हो."

"मग आठवडाभर जा. पण त्यासाठी इतकं बोलायला कशाला हवं?"

तिसऱ्यांदा ती कावली. लाल दिवा चालू असतानाच दार उघडून उभी राहिली आणि हातवाऱ्यांनी सांगायला लागली. मी. तिकडे. लांब. कायमची. तुम्ही. काय म्हणता? छापखान्यात जन्म काढलेल्या माणसाला हातवारे तरी कळावेत की नाही? यांना वाटलं, ही मिक्सरचं मोठं भांडं लावू का विचारतेय. मान डोलावली, आणि दार लाव म्हणून खूण केली. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

त्याच आठवड्यात साहेबांनी पुन्हा पाठ थोपटली. गप्पराव फुगून घरी आले, आणि त्या दिवशी जेवताना चक्क आपणहून बोलले. "आमचं मशीन म्हणजे तुला काय वाटतं? कितीही गोंगाट असू दे, आत माणूस नुसता कुजबुजला तरी त्याला सापडतो."

बायकोचा घास हातातच राहिला. "कुजबुजला तरी?"

"तरी! दिवसभर तेच काम आहे तिथे. गोंगाटात माणूस शोधणं."

"आणि तुम्ही इथून जे घेऊन जाता, ते तो ऐकतो?"

"तो काय, ते! मशीन आहे ते. ऐकतं म्हणजे? इथून तिथून सगळं ऐकतं."

"बरं," बायको म्हणाली. त्यानंतर तिने लाल दिव्याबद्दल एकदाही कुरकुर केली नाही. दिवा लागायच्या आधीच मिक्सरपाशी उभी. गप्परावांना वाटलं, चला, आली एकदाची वठणीवर.

पुढे मशीन तयार झालं, विकलंही गेलं, कंपनीत टाळ्या वाजल्या. आणि मग तक्रारी यायला लागल्या. मशीन पुरुषांचं बोलणं ऐकत होतं, पोराटोरांचं ऐकत होतं, खोकत खोकत बोलणाऱ्या म्हाताऱ्यांचंही ऐकत होतं. पण घरात काम करता करता बोलणारी बाई असली, जरा वयाची, जरा हळू आवाजाची, की मशीन तिला खुशाल गोंगाटात टाकून द्यायचं. एका बाईंनी डॉक्टरांना फोन करून आपलं सगळं दुखणं सांगितलं, आणि डॉक्टर पलीकडे "हॅलो? कुणी आहे का? हॅलो?" करत बसले. दुसऱ्या एकीने तर स्पष्टच कळवलं, "असला एक माझ्या घरात आधीच आहे. दुसरा विकत कशाला घेऊ?"

कंपनीत धावाधाव उडाली. बड्या बड्या डोक्यांनी प्रोग्रॅम उलटा केला, सुलटा केला, झटकला. चूक सापडेना. मग तपासणी विभागातली इंजिनियर मुलगी म्हणाली, आपण मशीनला काय शिकवलंय तेच एकदा बघू या. तिने जमवलेला गोंगाट काढला, अगदी जुन्यापासून गेल्या आठवड्यात आलेल्यापर्यंत, आणि एकेक रेकॉर्डिंग साफ करून ऐकायला लागली. वखार ठीक. पंप ठीक. मग ती गप्परावांच्या मिक्सरपाशी आली.

गप्परावांना ऑफिसात बोलावणं गेलं. कायम केल्याचं पत्र देणार, दुसरं काय! इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून ते हजर झाले. तपासणीच्या खोलीत साहेब होते, चार-सहा माणसं उभी होती. गप्परावांना वाटलं, सत्कारबित्कार आहे की काय.

"बसा, काका," मुलगी म्हणाली. तिने बटण दाबलं. घर्रर्रर्र. "हा तुमचा गेल्या आठवड्यातला मिक्सर ना?"

"माझाच! अर्ध्या भांड्याचा. उत्तम आलाय."

"आता यातून मी मिक्सर काढून टाकते हं."

मिक्सर गेला. आणि मागे त्यांची बायको बोलत होती.

अगदी शांतपणे, शेजारणीशी बोलावं तशी. "...तर मशीनदादा, आज पुन्हा मीच. हे म्हणतात, तुम्हाला कुजबुजलेलंही सापडतं. इकडे यांना सांगायला गेलं की शूऽऽ करतात, म्हणून म्हटलं, तुमच्यामार्फत सांगावं. मी तुम्हाला सापडले की तेवढं यांच्या कानावर घाला. माणूस वाईट नाही हो. वाईट असता तर बरं झालं असतं, सोडून जायला सोपं. बाहेर कुत्रं भुंकलं की कसे पळत जातात! मी पण एकदा भुंकून बघणार होते, पण शेजारीपाजारी काय म्हणतील म्हणून राहिले..."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"...कान म्हणे पंचविशीतले. परवा मी इथे पाय घसरून पडले, मांडणीवरची भांडी धाडधाड अंगावर आली. हे बाहेरून ओरडले, 'वा! पुन्हा एकदा!'"

आता मात्र सगळी खोली हसली. साहेब हसले, दारातून डोकावणारा चहावाला हसला. गप्परावांचा चेहरा लालेलाल. "बंद करा! बंद करा ते!"

"काका, अजून आहे. पुढचं तर तुम्ही ऐकायलाच..."

"नको म्हणतो ना! घरातली गोष्ट आहे ही!"

"घरातली होती," मुलगी म्हणाली. तिचं हसू मावळलं होतं. "प्रत्येक वेळी खाली खूण कुणी केली? 'मानवी बोलणं: नाही.' मशीनने तुमच्यावर विश्वास ठेवला, काका. त्याला वाटलं, अशी बाई बोलत असली की त्याला गोंगाट म्हणायचं. त्याचा काय दोष?"

"इतक्या जणांनी खपून मशीन बनवलं," साहेब डोळे पुसत म्हणाले, "आणि तुम्ही त्याचा नवरा करून ठेवलात."

पुन्हा हशा. गप्पराव उठले आणि तडक बाहेर पडले. अपमान झाल्यावर माणसाला जी घाई असते, ती भूक लागल्यावरही नसते.

जरा दम धरला असता तर पुढचं ऐकलं असतं. मुलीने ते चालूच ठेवलं होतं. "...तर निरोप एवढाच, दादा. येत्या पहिल्या तारखेला मी धाकटीकडे निघालेय. कायमची. यांनी एकदा तोंडाने 'राहा' म्हटलं तर नाही जाणार. नुसतं राहा. जास्त काही नको. शूऽऽ म्हणायला लागतो तेवढाच वेळ लागतो त्याला." मग भांडं उघडल्याचा आवाज आला आणि संपलं. खोलीत कुणी हसलं नाही. पहिली तारीख दुसऱ्याच दिवशी होती.

घरी बायको कपाट आवरत होती. भर दुपारी नवरा दारात बघून तिने विचारलं, "अहो, बरं नाही का?"

"ऐकलं मी! सगळं ऐकलं!"

तिच्या हातातली साडी तशीच राहिली. ती पलंगाच्या कडेला बसली. इतक्या दिवसांत तिचा चेहरा असा उजळला नव्हता. "खरंच? सापडलं त्याला?"

"सापडलं! अख्ख्या ऑफिसला सापडलं! साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळे खिदळत होते. भुंकणार होती म्हणे! भरल्या ऑफिसात अब्रूचे धिंडवडे काढलेस माझ्या. आता कायम करतील मला? कायमची हकालपट्टी करतील!"

ती वाट बघत राहिली. यांचा आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला. नोकरी झाली, अब्रू झाली, मेहुण्याला काय तोंड दाखवू हेही झालं. थांबले तेव्हा तिने विचारलं, "आणि त्याच्या पुढचं?"

"पुढचं काय? अजून काही शिल्लक ठेवलं होतंस?"

"पुढचं ऐकलंत का?"

"बंद करायला लावलं मी ते."

"बरं," ती म्हणाली. साडीची घडी घातली, बॅगेत ठेवली. तेव्हा कुठे यांना बॅग दिसली.

"कुठे निघालीस?"

"धाकटीकडे. सांगितलं होतं मी. तुम्ही मान डोलावलीत."

रागावलेल्या माणसाला एक सोय असते, कुठलीही गोष्ट समजून न घेण्याची. गप्परावांनी ती पुरेपूर वापरली. जाऊ दे, चार दिवसांत येईल झक मारत, असं स्वतःला सांगून ते पाठ करून बसले. दुसऱ्या दिवशी ती गेली. जाताना कुकरच्या शिट्टीत बिघाड आहे, जपून, एवढं सांगितलं. तेही त्यांना नीट ऐकू गेलं नाही.

चार दिवस झाले, आठ झाले. आणि नशिबाची थट्टा बघा, कंपनीने त्यांना काढलं नाहीच. साहेबांनी हिशेब केला, बायको गेली म्हणजे घर रिकामं, घर रिकामं म्हणजे गोंगाट शंभर टक्के शुद्ध. कायम केल्याचं पत्र घरपोच आलं. गप्परावांनी ते उघडलं, वाचलं, आणि "अगं," म्हणत वळले. तिथे एक्झॉस्ट फिरत होता. बायको गेली होती, आणि आपल्याला ती हवी होती. हे कळायला त्यांना एवढी मोठी बढती मिळावी लागली.

ते तसेच उठून ऑफिसात गेले, तपासणीच्या खोलीत, त्या मुलीसमोर. "बाळ, ते पुढचं राहिलं होतं. ते लाव ना. मी नाही बंद करायला लावणार आता."

मुलीने हेडफोन काढून ठेवले. "काका, ते नाहीये आता. सगळं पुसलं. त्यानेच मशीन बिघडत होतं ना."

"सगळं?"

"एकूण एक. आता मशीन फार छान ऐकतं बायकांचं."

गप्पराव खुर्चीत बसले. मशीन सुधारलं, वा! मुलीला राहवलं नाही. तिने खुर्ची जवळ ओढली आणि ऐकलेलं होतं ते सांगितलं. मुद्दाम मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून.

"राहा?" गप्पराव म्हणाले. "एवढंच?"

"एवढंच, काका."

"एवढंच म्हणायचं होतं तर..." आणि ते सरळ रडायला लागले, शर्टाच्या बाहीने डोळे पुसत. मुलीने दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बस पकडून ते धाकटीच्या गावी पोचले. वसतिगृह शोधत खाणावळीत शिरले ते नेमके भर जेवणाच्या वेळी. बापरे, काय गोंगाट! ताटं आदळतायत, बाकं सरकतायत, मागे दोन दोन मिक्सर चाललेत, मोठा एक्झॉस्ट भणभणतोय, आणि वर शंभर तोंडं एकाच वेळी बोलतायत. वाढायच्या टेबलामागे पदर खोचून त्यांची बायको उभी होती. बोलत होती. एकाला रागावत होती, दुसरीला काल का नाही आलीस विचारत होती, आणि सगळी तिला उत्तरं देत होती. मध्येच ती मान मागे टाकून हसली. हे हसणं घरी कधी ऐकलं होतं का, गप्परावांना आठवेना.

"अय्या, भाऊजी!" मागून धाकटीने हाक मारली असावी. त्यांना फक्त तिचा हात हललेला दिसला.

ते रांगेत उभे राहिले. रांग हळूहळू सरकत होती. बसमध्ये सगळा रस्ता त्यांनी एका शब्दाची तयारी केली होती, आणि आता पाळी जवळ आली तसं त्यांच्या ध्यानात आलं की "राहा" म्हणून काही उपयोग नाही, ती राहतेच आहे, फक्त इथे. मग काय म्हणायचं? ये? चल? पाळी आली.

"तुम्ही?" बायको म्हणाली. तिच्या ओठांवरून कळलं.

गप्परावांनी म्हटलं, जे जमलं ते. तिने पळी तशीच धरून कानामागे हात नेला. "काय? मोठ्याने बोला, इथे काही ऐकू येत नाही!"

ते पुन्हा बोलले. एक्झॉस्टने तेही गिळलं. मागून रांग ओरडायला लागली, "काका, पुढे व्हा ना! भूक लागलीय!"

बायकोने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. चेहरा रागाचा नव्हता, कामात असलेल्या माणसाचा होता. ताटात वाढून तिने ते त्यांच्या हातात दिलं आणि कोपऱ्यातल्या बाकाकडे बोट दाखवलं. "तिथे बसा. गर्दी ओसरली की बोलू," असं म्हणाली असावी. लगेच मागच्या मुलाकडे वळली. "हं, बोल रे, तुला काय हवं?"

गप्पराव बाकावर जाऊन बसले. ताट समोर तसंच. जीव कानात आणून ते ऐकायला लागले. एवढ्या सगळ्यात तिचा आवाज कुठला, तेवढं तरी ओळखू येतंय का ते बघत होते. येत नव्हतं. नुसते तिचे ओठ हलताना दिसत होते. एक टोळकं जेवून उठलं की दुसरं दारात उभंच होतं. ते बसून राहिले.